पोराला तालमीत घालताय? जोडीदारासकट घाला

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापूरच्या पेठांतल्या कुस्तीच्या तालमींत आठ-दहा वर्षांची पोरं येऊ लागतात. शाळा सुरू झाली की बरीचशी गळतात. टिकतात ती बहुतेक जोडीनं आलेली. म्हणून तालीम बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा एवढंच बघा, वस्ताद लहान पोरांच्या जोड्या कशा लावतात.

चांगल्या तालमीत जोडीच्या वजनात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. एकाच गल्लीतले, एकाच बाकावरचे दोघे असले तर वस्ताद त्यांची मुद्दाम लढत लावतात. अनोळखी पोरानं पाडलं की लहान पोर घरी बसतं. शाळेत ज्याच्यासोबत डबा खातो त्यानं पाडलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी मातीच्या हौद्यात उतरतं. कोल्हापुरात याला ईर्षा म्हणतात, आणि आपल्याकडं या शब्दाला वाईट वास नाही.

जोर मारतानाही तेच दिसतं. एक जण जोर मारतो, दुसरा डोक्याशी उकिडवा बसून मोजतो. वीसच्या पुढं दंड थरथरायला लागतात, घामाचे थेंब हातांच्या मध्ये टपटपतात, आणि मोजणारा म्हणतो, "अजून पाच." वडिलांनी म्हटलं असतं तर पोरानं तिथंच अंग टाकलं असतं.

चूकही इथंच होते. आकडा गाठायच्या नादात कंबर खाली लोंबते आणि महिनाभरात पाठ धरते. बैठकांत गुडघे आत वळले की दुखायला लागतात. सुरुवात 20 जोर आणि 40 बैठकांनी करावी, आठवड्याला पाच-पाच वाढवावेत. मोजणाऱ्यानं बिघडलेला जोर मोजायचाच नाही, हा नियम जिथं पाळतात ती तालीम डोळे झाकून निवडा.

हौद्यात पाय ठेवण्याआधी माती मुठीत दाबून बघा. गोळा व्हावा आणि बोटानं ढकलला की फुटावा. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली लाल माती अशीच लागते. कोरडी असली तर धूळ नाकात जाते, ओली असली तर पाय सरकतो. रोज खोऱ्यानं उकरली नाही तर ती दगडासारखी बसते आणि पडल्यावर खांदा, कोपर दुखावतं. उकरायचं काम पोरांकडूनच करून घेतात, ते योग्यच आहे.

लंगोट दोन हवेत. रोज धुऊन कडक उन्हात वाळवलेला नसला की गजकर्ण होतं, आणि जोडीदारालाही लागतं. नखं कापलेली हवीत. खुराकाचा बाऊ करू नका. या वयात दूध, भिजवलेले बदाम, केळी, भाकरी-आमटी आणि अंडी पुरतात. डब्यातल्या पावडरी घेऊच नका.

एक उणीव मात्र बऱ्याच ठिकाणी आहे. मातीत कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, तर मॅटवर गुण आणि घड्याळ असतं. पुढं स्पर्धा खेळवायच्या असतील तर मॅट आहे का, आठवड्यातून किती दिवस मिळते, हे आधीच विचारा. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव मातीतच घडले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. माती पाया घालते, पण मॅटची सवय वेगळी करावी लागते.

प्रवेश घेण्याआधी एकदा पहाटे जाऊन तासभर बसा. हरलेल्या पोराला वस्ताद काय सांगतात ते ऐका. "तुझी टांग का बसली नाही?" असं विचारून तोच डाव त्याच जोडीदारावर परत लावायला लावत असतील तर तिथं घाला. हरलेल्याची चेष्टा होत असेल तर तिथून उठा.

आणि आदल्या रात्रीच मित्राच्या घरी सांगून ठेवा, पहाटे पाचला खिडकीखाली येऊन हाक मार म्हणून.