फिट की कोलोनोस्कोपी? आधी आपल्याला निवड आहे का, ते बघा

माझ्या थोरल्या भावाला ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी आठ महिने शौचावाटे रक्त जात होतं आणि आम्ही सगळे त्याला मूळव्याधच समजत होतो. मलम झालं, इसबगोल झालं, जेवणातलं तिखट बंद झालं. दोन दवाखाने झाले, पण बोटाने आतून तपासण्याचे कष्टही कुणी घेतले नाहीत. शेवटी हिमोग्लोबिन आठवर आलं, तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने आतून तपासणी, झाली.

त्यानंतर मी आणि माझे यजमान, दोघांनीही तपासणी करून घेतली. मी ४४ची, ते ४८चे. दोघांनाही काही त्रास नव्हता. तरी माझी कोलोनोस्कोपी झाली आणि त्यांची ‘फिट’, म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त हुडकणारी चाचणी. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, यातली चांगली कुठली? मी आधी उलटं विचारते, घरात कुणाला झालाय का? रक्त दिसतंय का? कारण काहींना यात निवड नसतेच.

शौचावाटे रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण न कळता उतरलेलं वजन किंवा कमी झालेलं हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर ही तुलना बाजूला ठेवा आणि थेट पोटविकारतज्ज्ञांना गाठा. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोहाची कमतरता निघाली, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नका. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ पुष्कळदा अशीच गुपचूप रक्त गाळत असते. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपीच करायची. ती वयाच्या ४०व्या वर्षी किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा. म्हणजे भावाचं निदान झालं तेव्हा मला आधीच चार वर्षं उशीर झालेला होता. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार) बरीच वर्षं असणाऱ्यांना आणि लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांनाही फिट पुरत नाही.

उरलेल्यांना मात्र खरोखर निवड आहे. अमेरिकेत २०२१पासून ४५व्या वर्षी सुरुवात करायला सांगतात, इंग्लंडमध्ये ५०व्या, नेदरलँड्समध्ये ५५व्या. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, पण ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होणार’ हे मला आता ऐकवत नाही. भाऊ जन्मभर शाकाहारी होता. प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये सांगितलं, ते खरंच आहे. पण सुटलेलं पोट, मधुमेह, दारू, सिगारेट, दिवसभर बैठं काम आणि ताटात चोथा कमी, हेही धोके आहेत, आणि ते शाकाहारी घरातही असतात.

या दोन चाचण्या दोन वेगळ्या गोष्टी बघतात. फिट बघते, रक्त जातंय का? डोळ्यांना न दिसणारं माणसाचं रक्त ती शौचात हुडकते. कोलोनोस्कोपी बघते, काही उगवलंय का? सुमारे दीड मीटर लांबीचं मोठं आतडं कॅमेऱ्याने आतून बघितलं जातं. बहुतेक कॅन्सर आधी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरचा छोटा फुगवटा, म्हणून उगवतात आणि त्यांचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात. पॉलिपमधून क्वचितच रक्त येतं, त्यामुळे फिटला ते सहसा सापडत नाहीत. अमेरिकेत २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एकदाच केलेल्या फिटने १०० पैकी सुमारे ७४ कॅन्सर पकडले, पण धोकादायक होऊ घातलेले पॉलिप मात्र २४च. म्हणून फिट एकदा करून भागत नाही, दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली, तर पुढची १० वर्षांनी.

माझ्या रिपोर्टमध्ये फोटो आहे. गुलाबी, ओलसर भिंतीवर वाटाण्याएवढा एक फुगवटा, आणि पुढच्या फोटोत तो नाही. आठ मिलिमीटरचा पॉलिप तारेच्या फासाने त्याच वेळी काढला. मी गुंगीत होते, मला काही कळलंही नाही. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची जागा साफ करणं फिटला जमत नाही.

याची किंमत आदल्या रात्री मोजावी लागते. तीन दिवस भाकरी, पालेभाजी, तीळ, जवस, शेंगदाणे बंद, नुसता मऊ भात आणि मुगाचं वरण. आदल्या दिवशी फक्त शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत चालत नाही, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मग पोट साफ करायचं औषध, अर्धं रात्री, अर्धं पहाटे. चव खारट-गुळमट. मी बाथरूमच्या दारापाशी स्टूल टाकूनच बसले होते. शौच पिवळसर पाण्यासारखं झालं की पोट साफ झालं. इथे कंटाळा करू नका, पोट नीट साफ नसेल तर पॉलिप दडून राहतो. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि लोहाच्या गोळ्यांचं काय करायचं, ते आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण हजारात एकाहूनही कमी. शिवाय एक दिवस रजा, सोबत माणूस आणि फिटच्या कितीतरी पट खर्च.

यजमानांचं काम पाच मिनिटांत झालं. कमोडवर कागद पसरायचा, पाणी लागू द्यायचं नाही, किटमधली काडी शौचावर फिरवून बाटलीत घालायची. उपास नाही, पथ्य नाही. मात्र प्रयोगशाळेत ‘फिट’ असंच सांगून मागा, जुनी ‘ऑकल्ट ब्लड’ चाचणी घेऊ नका. तिला मांसाहार आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही चकवतात. नमुना लगेच पोचवा, उन्हाळ्यात बाटली गाडीत विसरलात तर उष्णतेने रक्तातलं प्रथिन मोडतं आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.

आणि फिट पॉझिटिव्ह आली, तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. ‘मूळव्याधीमुळे आली असेल’ म्हणून परत फिट करणं म्हणजे आमचे आठ महिने पुन्हा जगणं. कोलोनोस्कोपी कधीच करायची नाही असं ठरवलेलं असेल, तर फिटवर पैसे घालवू नका.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘सीईए’ नावाची रक्तचाचणी असते. ती यासाठी नाहीच. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती नॉर्मल असू शकते आणि सिगारेटनेही वाढते. सीटी स्कॅनने आतडं बघता येतं, पण पॉलिप दिसला तर काढायला दुर्बीण लागतेच.

मग साधारण धोक्याच्या माणसाने काय करावं? स्पेनमध्ये ५७ हजारांहून जास्त लोकांपैकी काहींना एकदा कोलोनोस्कोपीला आणि काहींना दर दोन वर्षांनी फिटला बोलावलं. २०२५मध्ये निकाल आला. १० वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. कारण फिटला जास्त लोक आले. पण तिथे सरकार पत्र पाठवून बोलावतं. आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे, आतड्यासाठी कुणी बोलावणार नाही. म्हणून माझं मत असं : गाडीची पीयूसी, विम्याचा हप्ता वेळेवर भरणाऱ्या माणसाने खुशाल फिट निवडावी. एकदा केलं की विसरून जाणाऱ्याने एक दिवस काढून कोलोनोस्कोपीच करावी. मधुमेह, वजन आणि तंबाखू तिन्ही असतील, तर मी दुर्बिणीकडेच झुकेन.

यजमानांची फिट आम्ही भाऊबीजेला बांधून टाकली आहे. तेव्हा हवा गार असते, आणि तो दिवस आमच्या घरात आता कुणी विसरत नाही. माझी पुढची कोलोनोस्कोपी पाच वर्षांनी, तारीख कपाटाच्या दाराच्या आत लिहिलेली आहे. भावाच्या दोन्ही मुलांची तारीखही तिथेच, त्याखाली.