बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स: काही महिने वापरल्यानंतर, फक्त फोकसबद्दल

हा चावीवर चालणारा १६ मिमी फिल्मचा सिने-कॅमेरा हातात दिला की लोक आधी चावी फिरवतात, घरघर ऐकतात आणि खूश होतात. स्प्रिंगचं कौतुक पुष्कळ झालंय. पण ह्या कॅमेऱ्यात रोल फुकट जातो तो स्प्रिंगमुळे नाही, फोकसमुळे. शंभर फुटी रोलमध्ये ४००० फ्रेम, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटं. त्यातलं निम्मं मऊ, म्हणजे फोकसबाहेर, निघालं तर डेव्हलपिंग-स्कॅनिंगचं बिल बघून पोटात गोळा येतो. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून एवढ्यावरच लिहितोय.

एच-१६ ही स्वित्झर्लंडच्या पैयार कंपनीची १९३५ पासूनची मालिका, त्यात रिफ्लेक्स, म्हणजे लेन्समधूनच बघायची सोय, आली १९५६ ला. माझ्याकडचा रिफ्लेक्स. टरेटवर, म्हणजे पुढच्या फिरत्या चकतीवर, तीन लेन्स, तिन्ही केर्न ह्या स्विस कंपनीच्या: १० मिमी आणि २५ मिमी स्विटार, ७५ मिमी यव्हार. मुंबईहून आणला आणि दिवाळीपासून बेळगाव, खानापूर, निपाणी असा फिरवतोय.

लेन्समधून दिसतं तेच फाइंडरमध्ये, हे खरं. पण इथे आरसा फिरत नाही. लेन्स आणि फिल्मच्या मध्ये काचेचा प्रिझम कायमचा बसवलेला आहे. तो पाव भागाच्या आसपास प्रकाश डोळ्याकडे वळवतो, बाकीचा फिल्मवर जातो. त्यामुळे शूटिंग चालू असताना चित्र लुकलुकत नाही, ही चैन आहे. मात्र अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) लहान केलं की तो पाव भागही अंधारतो. एफ ८ ला (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत भर दुपारी माणूस कोण आहे ते कळतं, तो फोकसमध्ये आहे का ते कळत नाही. म्हणून आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, फोकस लावायचा, मग लाइट मीटरने सांगितलेल्या आकड्यावर परत आणायचं. ह्या लेन्सवर आपोआप बंद होण्याची सोय नाही, त्यामुळे हे हाताला वळण लागेपर्यंत कटकटीचं वाटतं.

त्याच्याही आधीचं काम डायऑप्टरचं, म्हणजे आयपीस आपल्या नजरेला जुळवायचं. बरेच जण आयपीस फिरवून समोरचं दृश्य स्पष्ट करायला जातात. तसं करायचं नसतं. लेन्स जाणूनबुजून फोकसबाहेर न्यायची, कॅमेरा आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरायचा आणि फक्त ग्राउंड ग्लासचा (फाइंडरमध्ये चित्र उमटतं त्या खरखरीत काचेचा) रवा बघायचा. तो रवा टोकदार दिसेपर्यंत आयपीस फिरवायचा आणि रिंग आवळायची. चष्मा लावून करणार असाल तर कायम चष्मा लावूनच बघायचं. मध्येच दुसऱ्या कुणी हौसेने बघितलं आणि फिरवलं, की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे कॅमेरा दिसला की गल्लीतली पोरं गोळा होतात, त्यामुळे हे मला सारखं करावं लागतं.

आता मुख्य मत. ७५ मिमीला डोळ्यावर भरवसा ठेवा, २५ ला टेपवर, आणि १० ला डोळ्यावर अजिबात नको. फाइंडरमध्ये १० मिमी कायम शार्पच दिसते. चुकलेलं असलं तरी शार्प दिसते. चूक उघडी पडते ती पडद्यावर.

टेप म्हणजे गवंड्याकडे असते ती साधी स्टीलची. एका कडेला फूट-इंच असलेली घ्या, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जुन्या लेन्सवर अंतरं फुटांत कोरलेली असतात आणि मीटरचं गणित उन्हात उभं राहून होत नाही. मोजायचं लेन्सच्या तोंडापासून नाही, फिल्मच्या पातळीपासून. कॅमेऱ्यावर तिची खूण म्हणजे वर्तुळ आणि त्यातून आरपार गेलेली रेघ. लेन्सच्या तोंडापासून मोजलं तर सात-आठ सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. तेवढ्याने काय होतं? ७५ मिमी, एफ २.८, माणूस तीन मीटरवर: पुढे साधारण ११ सेंटिमीटर आणि मागे १२, एवढीच जागा फोकसमध्ये असते. त्यातले सात-आठ टेपनेच खाल्ले तर उरलं काय?

टेपची खरी किंमत कळली ती निपाणीकडच्या एका गुऱ्हाळात. काहिलीवर वाफ इतकी की फाइंडरमध्ये कडाच दिसत नव्हत्या. रिंग इकडे फिरवा नाहीतर तिकडे, चित्र सारखंच धूसर. सूर्य कलला होता, २५ मिमी पूर्ण उघडी, एफ १.४. दोन मीटरवर त्या अ‍ॅपर्चरला पुढे वीस सेंटिमीटर, मागे पंचवीस. काहिलीच्या कडेने टेप ओढून गुळव्याच्या फावड्यापर्यंत अंतर घेतलं. तो काम न थांबवता म्हणाला, "काय ओ, शीव मोजाय आलाय व्हय? मोजा, मोजा. आणि आमची काहील कुठल्या राज्यात पडती तेवढं सांगून जावा." सगळे हसले. सीमाभागात टेप घेऊन फिरणाऱ्याला हे ऐकावंच लागतं. मी लेन्सवर साडेसहा फुटांना लावलं, फाइंडरमधून फक्त फ्रेम बघितली आणि बटण दाबलं. त्या रोलमध्ये सगळ्यात नेमका शॉट तोच आहे. वाफेमागे फावड्याच्या कडेवरून ओघळणारा पाक दिसतो, त्याची तार मोजता येईल इतका.

मात्र टेपवर भरवसा ठेवायचा तर लेन्सवरचे आकडे खरे असले पाहिजेत. जुना कॅमेरा घेणारे नेमकी हीच गोष्ट तपासत नाहीत.

लेन्स फिल्मपासून किती अंतरावर बसते ह्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. साध्या सी-माउंटला (लेन्स आट्यांनी फिरवून बसवायच्या ठरावीक बैठकीला) ते १७.५२६ मिमी, बोलेक्स रिफ्लेक्सला प्रिझमच्या काचेमुळे वाढवून २०.७६ मिमी ठेवलेलं आहे. ह्यात ०.०५ मिमी, म्हणजे ५० मायक्रॉन, लेन्स पुढे राहिली असं धरा. अनंतावर लावलेली ७५ मिमी तेव्हा प्रत्यक्षात ११२ मीटरवर फोकस करते. फारसं बिघडत नाही. २५ मिमी साडेबारा मीटरवर येते. आणि १० मिमी येते दोन मीटरवर! वाइड लेन्स म्हणजे सगळं चालून जातं असं आपण समजतो, ते विषयाच्या अंतरापुरतं खरं आहे. लेन्सच्या बैठकीच्या बाबतीत वाइडच सगळ्यात नाजूक.

हे ५० मायक्रॉन येतात कुठून? सी-माउंटची चूडी इंचाला ३२ आट्यांची. एक पूर्ण फेरा म्हणजे ०.७९ मिमी. म्हणजे लेन्स फेऱ्याच्या सोळाव्या भागाने सैल राहिली की झाले ५० मायक्रॉन. नाहीतर बैठकीवर वाळलेलं ग्रीस, बारीक कचरा, किंवा टरेट खाचेत पुरता न बसणं.

माझी १० मिमी संशयास्पद होती, म्हणून टरेट काढून उद्यमबाग ह्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेला. तिथे रोज हायड्रॉलिकचे पार्ट मोजतात, त्यांना ह्यात काय नवल? सरफेस प्लेटवर ठेवून डायल गेजची सुई तिन्ही बैठकींवरून फिरवली. दोन सारख्या, तिसरीवर सुई उडाली. भिंगातून बघितलं तर कडेला तपकिरी पापुद्रा, कित्येक वर्षांचं ग्रीस कडक होऊन बसलेलं. पॉलिश पेपर लावायचा नाही असं मी सांगायच्या आतच त्याने लाकडी काडी आणि पेट्रोल घेतलं. पापुद्रा सुटला, सुई जागेवर आली. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, कुंदा मात्र मागितला.

परत जोडल्यावर दोन चाचण्या केल्या. एक अनंताची: येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडाचा तट, तिन्ही लेन्सनी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून. दुसरी भिंतीवरची: 'तरुण भारत'चं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवायचं, टेपने मोजून चार फुटांवर कॅमेरा लावायचा आणि दर शॉटला रिंग थोडी मागे-पुढे. जाहिरातीची शिरोरेघ फुटते कुठे आणि जुळते कुठे ते निगेटिव्हवर भिंगाने बघितलं की कळतं. काळ्या-पांढऱ्या फिल्मचे तुकडे मी घरच्या टँकमध्येच धुतो, त्यामुळे खर्च फार नाही. फाइंडर काय म्हणाला, टेप काय म्हणाली आणि फिल्म काय म्हणाली, हे दर शॉटला वहीत लिहून ठेवा. फाइंडर आणि फिल्म सतत एकाच दिशेने वेगळं सांगत असतील तर ग्राउंड ग्लास किंवा प्रिझम हललाय. तिथे घरी स्क्रू ड्रायव्हर लावू नका.

१० मिमीचं बक्षीस मिळालं शिवजयंतीच्या मिरवणुकीत. चित्ररथ, ढोल, रेटारेटी; तिथे टेप कोण धरणार? एफ २ ला १० मिमी साडेसहा फुटांवर लावून ठेवली की साधारण तीन-सव्वातीन फुटांपासून अनंतापर्यंत सगळं चालतं. रिंगवर चिकटपट्टी लावली आणि रात्रभर हात लावला नाही.

७५ मिमी आखाड्यात वापरली. लाल मातीत जोड धरलेली असताना तीन मीटरवरून पाठलाग करणं वेडेपणा आहे. मागे सरकून नऊ मीटरवर आलो तर तीच लेन्स, तेच एफ २.८, पण फोकसमधली जागा दोन मीटरच्या आसपास मिळते. फ्रेम अर्थातच मोठी होते. मला ती आवडली, कडेला बसलेले वस्ताद त्यात येतात.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. ५० मिमीपेक्षा कमी लेन्स घेताना तिच्यावर आरएक्स (म्हणजे रिफ्लेक्ससाठी बनवलेली) लिहिलंय का बघा. साधी सी-माउंट बसते, फोकसही बरोबर होतो. पण प्रिझमच्या काचेमुळे अ‍ॅपर्चर उघडं असताना चित्रावर मऊपणा येतो आणि माणूस उगाच फोकसला दोष देत बसतो. एफ ४ च्या पुढे बंद केली तर फरक जाणवत नाही. फोकसची रिंग थंडीत जड होते, ती जुन्या ग्रीसची गोष्ट, साफ करून घेता येते. आणि डोळा काढून कॅमेरा चालवायचा असेल तर आयपीस झाका. तिथून शिरलेला उजेड प्रिझममधून थेट फिल्मवर जातो.