इंग्लिश इडियम्स: यादी पाठ करू की वाचत-ऐकत शिकू?
भाचीला प्रश्न पडलाय, परीक्षेसाठी इडियम्सची, म्हणजे वाक्प्रचारांची, यादी पाठ करू की वाचून शिकू. वेळेचं बघितलं तर यादीच बरी, रोज दहा उरकतात, विसरतात पण तितक्याच पटकन. खरा फरक वापरात पडतो. यादीत 'किक द बकेट' म्हणजे मरणे, बस्स. पण आपल्याकडे 'गचकला' आणि 'वारले' यांत जो फरक तोच इथे, शोकसंदेशात हे लिहिलं तर समोरच्याला लागेल ना! आणि 'द बकेट वॉज किक्ड' केलं की मरण गायब, नुसती बादली लाथाडली जाते. वाचताना हे आपसूक कळतं, महिने लागतात पण. परीक्षा तोंडावर असेल तर यादी घे, प्रत्येक इडियमपुढे एक वाक्य लिहून. इंग्लिशमध्ये बोलायचं-लिहायचं असेल तर वाचनच.