मुरमावर गाडी पळवताना पहिला खर्च कशावर : सरावावर की सेटअपवर?

दिवाळी उलटली की नागपुरात पहाटेची थंडी जाणवू लागते, पावसाळ्यात चिकट झालेली काळी माती वाळते आणि हिंगणा किंवा बुटीबोरीच्या बाजूला ओळखीच्या कुणाच्या तरी मुरमाच्या प्लॉटवर, अर्थात मालकाच्या परवानगीने, शंकू मांडून गाडी पळवण्याचे दिवस सुरू होतात. याच सुमारास नवे हौशी चालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. घरची स्विफ्ट, पोलो किंवा तत्सम छोटी गाडी आहे, वर्षभरासाठी बाजूला काढलेली रक्कम बेताची आहे, तर ती शॉक्स, टायर आणि अलाइनमेंटवर, म्हणजे गाडीच्या सेटअपवर घालावी की सरावाच्या दिवसांवर? दोन्ही बाजूंना वजन आहे, पण ते सारखे नाही, असे माझे मत आहे.

आधी खेळ कोणता ते स्पष्ट करतो, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. या खेळाचे नाव रॅलीक्रॉस. त्याचा जन्म १९६७ साली इंग्लंडमधील लिडन हिल येथे झाला. दूरचित्रवाणीसाठी आखलेल्या त्या शर्यतीत अनेक गाड्या एकाच वेळी डांबर आणि माती अशा मिश्र मार्गावर एकमेकींशी झुंजत असत, आणि व्यावसायिक पातळीवर हेच स्वरूप आजही कायम आहे. हौशी स्वरूप मात्र वेगळे आहे. अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लबच्या नियमांनुसार मातीच्या मैदानात शंकूंचा मार्ग आखतात, एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते, शंकू पाडल्यास २ सेकंदांचा आणि फाटक, म्हणजे दोन शंकूंमधली ठरलेली वाट, चुकल्यास १० सेकंदांचा दंड बसतो. आपल्याकडे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या छत्राखाली होणारा ऑटोक्रॉस याला सर्वांत जवळचा आहे. आम्ही सरावाला अमेरिकी पद्धतच वापरतो. शंकूच्या तळाभोवती फक्कीने चौकोन आखलेला असतो, म्हणजे शंकू जागचा हलला की नाही यावर वाद राहत नाही.

या पद्धतीतला एक नियम पैशाचा निर्णय करताना फार महत्त्वाचा ठरतो : सर्वोत्तम फेरी धरत नाहीत, सगळ्या फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात. समजा एका चालकाच्या चार फेऱ्या ६२, ६१.५, ६१.८ आणि ६२.१ सेकंदांच्या झाल्या, तर दुसऱ्याच्या ६०, ६०.४, ६६ आणि ६१.५. दुसऱ्याची सर्वोत्तम फेरी दीड सेकंदाने सरस आहे, तरीही बेरजेत पहिला २४७.४ विरुद्ध २४७.९ असा जिंकतो. त्या एका ६६ सेकंदांच्या फेरीत बहुधा गाडी वळणाबाहेर गेलेली असते किंवा दोन शंकू पडलेले असतात, आणि ही चूक महागड्या शॉक्सनी टळत नाही.

सरावाच्या एका दिवसातून नेमके काय मिळते? पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत नवख्याची ठरलेली चूक अशी, की वळणात गाडी सरळ घसरू लागली की तो स्टेअरिंग आणखी वळवतो. टायर आधीच घसरत असतो, कोन वाढवल्याने तो मुरूम फक्त पुढे ढकलत राहतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा, स्टेअरिंग किंचित सरळ करायचे आणि वजन पुढच्या चाकांवर येऊ द्यायचे, हे समजायला पाच मिनिटे लागतात, पण हातांना जमायला कित्येक फेऱ्या जातात. स्टेअरिंगच्या माथ्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि मागच्या सीटवरून मोबाइलने चित्रण करा. माझ्या पहिल्या हंगामाच्या चित्रणात ती पट्टी प्रत्येक बंद वळणात पार खाली गेलेली दिसत होती, आणि त्याच क्षणी पुढचे चाक मुरमात नुसते खरडत होते. ते पाहिल्यावर सस्पेन्शनबद्दलच्या माझ्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटल्या.

डाव्या पायाने ब्रेक लावणे, वळणाआधीच गाडीचे शेपूट हलके करणे, नजर जवळच्या शंकूवरून काढून त्यापुढच्या शंकूवर नेणे, ही कौशल्ये उद्या गाडी बदलली तरी तुमच्यासोबत येतात. शॉक्स मात्र त्या गाडीचेच राहतात. सुट्या मुरमावर एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, कारण जाम झालेल्या चाकापुढे साचणारा मुरमाचा ढीग एबीएस साचू देत नाही. ही गोष्ट अंगवळणी पडायलाही फेऱ्याच लागतात.

आता सेटअपची बाजू. तिला कमी लेखणे चुकीचे ठरेल, पण तिच्यातले सगळे भाग सारख्या मोलाचे नाहीत. टायर सर्वांत वरचे. डांबरासाठी बनलेला गुळगुळीत, झिजलेला टायर आणि खोल, मोकळ्या नक्षीचा टायर यांतला फरक नवख्यालाही पहिल्याच वळणात कळतो, आणि ओल्या काळ्या मातीत तर पहिल्याची नक्षी काही मीटरमध्येच लिंपून जाते. त्याखालोखाल हवा, जिला जवळपास खर्चच नाही. डिसेंबरात सकाळी १५ अंश आणि दुपारी ३० अंश तापमान असेल, तर ३० पीएसआय भरलेल्या टायरमध्ये केवळ हवामानामुळे सुमारे २ पीएसआय वाढतात, धावण्याची उष्णता वेगळीच. म्हणून प्रत्येक फेरीच्या रांगेत गेज हातात हवा. टायरच्या कडेवर खडूची उभी रेघ ओढून फेरी मारा आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघा. रेघ कडेवर बरीच खाली पुसली गेली असेल तर टायर वळणात लोळतो आहे, म्हणजे हवा कमी आहे. अलाइनमेंट तिसरे. मागच्या चाकांना किंचित बाहेरचा टो दिला, म्हणजे त्यांची पुढची टोके जराशी बाहेर वळवली, की गाडी वळणात चटकन फिरते, पण तीच गाडी घरी जाताना वर्धा रोडवर वेगात अस्थिर वाटते. रोजच्या गाडीत हा प्रयोग करू नये.

शॉक्सचा क्रम मी शेवटी ठेवतो, आणि इथे माझे मत अनेकांना पटत नाही. कडक शॉक्स आणि स्प्रिंग डांबरावर गाडी चपळ करतात, पण खडबडीत मुरमावर चाक जमिनीवरून उडते, आणि उडालेले चाक ना वळवते ना थांबवते. मुरमाला चाकाला वर-खाली व्हायला भरपूर वाव देणारे आणि ते जमिनीवर धरून ठेवणारे सस्पेन्शन लागते. असे चांगले संच नागपुरात सहज मिळत नाहीत, पुण्याहून किंवा कोइमतूरहून मागवावे लागतात, आणि बसवल्यावर त्यांचे क्लिक, म्हणजे कडकपणा कमी-जास्त करण्याचे टप्पे, जुळवायला पुन्हा सरावाचेच दिवस लागतात.

शिवाय सेटअपमधला फायदा मोजायचा कसा, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक गाडी धावली की सुटा मुरूम रेषेबाहेर फेकला जातो, खालचा घट्ट थर उघडा पडतो आणि मार्ग आपोआप वेगवान होतो. एका हंगामात मी मागच्या टायरमध्ये ४ पीएसआय हवा वाढवली आणि वेळ सेकंदाने कमी झाल्यावर ती वाढ महिनाभर तशीच ठेवली. नंतर एका सकाळी तीन फेऱ्या जुन्या हवेवर, तीन नव्या आणि पुन्हा तीन जुन्या हवेवर मारल्या, तेव्हा शेवटच्या तीन सर्वांत जलद निघाल्या. सुधारणा मार्गाची होती. जुने, नवे, पुन्हा जुने असा क्रम न पाळता केलेल्या कोणत्याही सेटअप चाचणीवर मी आता विश्वास ठेवत नाही, आणि हा क्रमही तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा चालकाच्या एकाच सेटअपवरच्या फेऱ्या एकमेकींच्या जवळ पडतात.

जुनी जिप्सी घ्यावी का, असेही विचारले जाते. गाडी दणकट आहे, पण तिच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नाही, त्यामुळे घट्ट जमिनीवर बंद वळणात ती अडखळते. दुसऱ्या गाडीची जागा आणि देखभाल परवडत असेल तरच तिचा विचार करावा.

काही खर्च मात्र सरावाच्याही आधी येतात. गळके शॉक्स, सैल बॉल जॉइंट, संपत आलेले ब्रेक पॅड बदलल्याशिवाय मैदानात उतरू नये. इंजिनाखाली मजबूत गार्ड हवाच, कारण मुरमातला एक टोकदार दगड ऑइल पॅन फोडायला पुरेसा असतो. धूळ इतकी असते की एअर फिल्टर प्रत्येक दिवसानंतर काढून पाहावा. हेल्मेटवर काटकसर नको. तसेच खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधने आहेत. गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल तर मोठ्या फेरफाराआधी या दोन्ही गोष्टी तपासून घ्या.

एवढे झाल्यावर उरलेल्या रकमेचा मोठा वाटा पहिल्या हंगामात पेट्रोल, प्रवेशशुल्क आणि अनुभवी चालकाला शेजारी बसवून मारलेल्या फेऱ्यांवर घालावा, आणि त्यातूनच टायरचा एक योग्य संच घ्यावा. पुढचा टप्पा कधी, याची माझी खूण अशी : एकाच सकाळी, एकाही शंकूला धक्का न लावता, सलग सहा फेऱ्या एका सेकंदाच्या आत येऊ लागल्या की अलाइनमेंटवाल्याकडे जा, आणि मागच्या चाकांचा टो सध्या किती आहे तो आधी कागदावर लिहून घ्या.