कुस्तीच्या लढतीआधी काय: जोर-बैठका की बारबेल?

जोर मारताना छाती, खांदे, पाठ एकाच लयीत राबतात, बैठकांनी मांड्या भरतात आणि दम वाढतो. खर्च शून्य. पण वजन आपल्याच अंगाचं, म्हणून शंभरावरून दोनशेवर गेलात की दमसास वाढतो, निव्वळ ताकद फारशी नाही. तिथे बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनं लावलेला दांडा, सरस. डेडलिफ्टला (बारबेल जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं) थोडं थोडं वजन चढवता येतं, प्रगती आकड्यात दिसते, आणि समोरच्याला कमरेतून उचलताना हीच ताकद कामी येते. (पकडीसाठी मात्र दोरावर चढाच.)

मी नवख्याला आधी जोर-बैठकाच सांगेन. गुडघा दुखरा असेल तर खोल बैठका टाळून.

लढतीची भीती मात्र या दोन्हींनी जात नाही. त्यासाठी सराईत, सांभाळून घेणाऱ्या जोडीदाराशी रोज ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मॅटवरच्या सामन्यासारख्या.