आतून केबलवाली सायकल, पुण्यातला एक पावसाळा काढल्यानंतर

दिसायला आतून केबलवालीच, म्हणजे जिच्या ब्रेक-गियरच्या वायरी फ्रेमच्या आतून जातात तीच भारी, त्यात वादच नाही. पण रोज ऑफिसला जायला सायकल घेत असाल तर निदान गियरची वायर तरी बाहेरून असलेली बघा, असं माझं आता मत झालंय.

माझी हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली), हायड्रॉलिक म्हणजे तेलावर चालणारे ब्रेक, ब्रेकची होज (तेलाची नळी) आणि मागच्या गियरची वायर दोन्ही डाउनट्यूबमध्ये (हँडलपासून पेडलकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीत) शिरतात. वारजे ते शिवाजीनगर रोजचं, रविवारी जमलं तर खडकवासला. घरात बायकोची जुनी सायकल आहे जिची सगळी वायर बाहेरून, दोन्ही एकाच पार्किंगमध्ये उभ्या आणि एकाच पावसात भिजलेल्या, त्यामुळे तुलना आयतीच झाली.

उन्हाळाभर काहीच त्रास नाही, फडकं मारलं की फ्रेम चकाचक. मग पाऊस सुरू झाला. कर्वे रोडवरचं पाणी पुढच्या चाकावरून थेट डाउनट्यूबवर उडतं, वायर आत जाते तिथलं रबर काही फार घट्ट नसतं, पाणी आत शिरून खाली बीबीपाशी (पेडलचा आस बसतो तिथे) साचतं. सायकल जिन्यातून वर नेताना तिरकी केली की टपटप चालू. बीबीखाली निचऱ्याचं भोक असतं ते चिखलाने बुजलेलं, काडीने मोकळं केलं तेव्हा बराच फरक पडला.

गणपतीच्या सुमारास मागचा गियर ऐकेना. मोठ्या चकतीवर जायचा, पण परत छोटीवर यायला नखरे. कारण साधं आहे, वर चढवताना आपण अंगठ्याने जोर लावतो, उतरताना मात्र डिरेल्युअरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगलाच वायर ओढून घ्यावी लागते, आणि वायर गंजली की तिला ते जमत नाही. हाच त्रास बायकोच्या सायकलला पण झाला. तिथे काय केलं, मागे मोठ्या चकतीवर घेतलं, चाक थांबवलं, पेडल न मारता लीव्हर सगळ्यात छोट्या गियरपर्यंत टकटक सोडला, वायर ढिली पडली, आउटर (वायरवरचं काळं कव्हर) खाचेतून बाहेर काढून पुढेमागे सरकवली, इनर (आतली तार) पुसली, ग्रीसचं बोट फिरवलं, परत बसवलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

माझ्या सायकलला कोपऱ्यावरच्या काकांनी नुसतं वाकून बघितलं आणि "ठेवून जा, उद्या या" म्हणाले. वायर शे-दोनशेची, मजुरी तिच्याहून जास्त, आणि त्यात त्यांची चूक नाही, जुनी इनर एकदा ओढून काढली की नवीन आतून बाहेर काढायला चुंबक घेऊन मासे पकडल्यासारखं बसावं लागतं. दुसऱ्या एका मेकॅनिकला आयडिया माहीत होती, जुनी वायर काढायच्या आधी तिच्यावरून बारीक प्लॅस्टिकची नळी पलीकडे सरकवायची, मग जुनी काढून त्याच नळीतून नवी घालायची. त्यानेच वायरवर फोमची नळी पण चढवली, तेव्हापासून स्पीडब्रेकरवर फ्रेममधून येणारी खडखड बंद झाली.

बाहेरच्या वायरचे पण लाड करावे लागतात हां. बीबीखालच्या गाईडमध्ये चिखल गच्च बसतो आणि हेडट्यूबला (हँडलखालच्या फ्रेमच्या उभ्या नळीला) आउटर घासून रंग जातो, तिथे पारदर्शक टेप लावा.

ब्रेकच्या होजबद्दल मात्र तक्रार नाही, ती बंदिस्त असते, आतून गेली काय बाहेरून गेली काय, बदलायची वेळ येईपर्यंत फरक पडत नाही. वायर आत असली की वारा कमी अडतो हा फायदा वगैरे सोडून द्या, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये कुठला वारा. आणि हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून) सगळं आत नेणारी सायकल रोजच्या वापराला अजिबात नको, कारण वरचं बेअरिंग पाणी-घामाने खराब झालं की ते बदलायला ब्रेकची होज सोडवून परत ब्लीड करायची (तेलातली हवा काढायची) वेळ येते.

तरी आतूनच हवी असेल तर दुकानात एक बघा. पुढून काळी आउटर जराशी आत ढकला. मागून ती तेवढीच बाहेर आली तर आउटर आत अखंड आहे, म्हणजे इनर कधीही सरळ ओढून बदलता येईल. हलली नाही तर बहुतेक आत नुसती उघडी वायर आहे, माझ्यासारखी.