बायपॉड, वाळूची पिशवी की स्लिंग: रायफलला कोणता आधार मानवेल?

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा आधार. तो घ्यायचा की नाही, हे आधी रायफललाच विचारावे. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा. मग साध्या कागदाची पट्टी नळी आणि फोरएंड, म्हणजे दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग, यांच्यामधून मागे सरकवत न्या. ती विनाअडथळा रिसीव्हरजवळ, म्हणजे नळी जिथे मागे बसवलेली असते तिथे, पोचली, तर नळी मोकळी, म्हणजे फ्री-फ्लोट आहे. आता फोरएंडचे टोक टेकवून दस्त्यावर खांद्याने भार द्या आणि पट्टी पुन्हा सरकवा. या वेळी ती अडकली, तर कितीही महागडा बायपॉड लावला तरी गोळ्यांची जागा बदलत राहील, कारण तुमचा भार फोरएंड वाकवून थेट नळीपर्यंत पोचतो आहे. पातळ प्लॅस्टिकच्या दस्त्यांत हा दोष फार आढळतो. लाकडी, लॅमिनेट किंवा ॲल्युमिनियम चॅसीच्या रायफलींत तो कमी असतो. नळीलाच पकडणारे स्वस्त क्लॅम्प-बायपॉड मात्र दस्ता कसाही असला तरी टाळावेत. ते नळीच्या कंपनांत थेट ढवळाढवळ करतात.

बायपॉड नेमबाजाची थरथर कमी करतो, रायफलची मूळ अचूकता वाढवत नाही. त्यामुळे त्याची तुलना हाताने धरलेल्या रायफलीशी नको, दुसऱ्या आधारांशी व्हावी.

टेबलावरून शांतपणे झिरो करायचे, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवायची असेल, तर वाळूची पिशवी सरस ठरते. तिचा आधार रुंद आणि मऊ असतो, रायफल तिच्यावरून सरळ मागे सरकते आणि धक्का वाळू गिळते. बायपॉडचे दोन पाय काँक्रीटवर किंवा कठीण टेबलावर असतील तर गोळी सुटताना उसळतात, आणि प्रत्येक उसळी सारखी नसते. पायांखाली रबरी चटई किंवा जाड गालिच्याचा तुकडा टाकला की हा त्रास बराच कमी होतो. पण जमीन उंचसखल असेल, जागा सारखी बदलावी लागत असेल, पालथे पडून मारायचे असेल, तर पिशवी सावरत बसण्यापेक्षा बायपॉड कितीतरी सोयीचा.

एफ-क्लास या दूर पल्ल्याच्या स्पर्धेत हा फरक नियमांतच उतरला आहे. ओपन गटात पुढे भक्कम रेस्ट (रायफल टेकवायची बैठक) चालते आणि वजनाची मर्यादा 10 किलो असते. एफ-टीआर गटात बायपॉड किंवा स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) वापरायची, काडतूस .308 विंचेस्टर किंवा .223 रेमिंग्टन, आणि बायपॉडसकट वजन 8.25 किलोच्या आत. तिथले बायपॉड रुंद, बसके आणि स्कीसारख्या पट्ट्यांवर सरकणारे असतात. खिळ्यासारखे पाय रोवून धरण्याच्या बरोबर उलटा विचार!

स्लिंग सर्वांत हलकी आणि स्वस्त, पण ती वापरायला शरीर तयार करावे लागते. दंडावरचा पट्टा चुकीच्या जागी बसला तर नाडीचे ठोके दुर्बिणीत दिसतात. ऑलिंपिक पद्धतीच्या 50 मीटर स्पर्धांकडे जायचे असेल, तर बायपॉडची सवय न लावलेलीच बरी.

बायपॉड घ्यायचे ठरलेच, तर जोडणी दोन प्रकारची मिळते. स्लिंगच्या स्टडला, म्हणजे फोरएंडखालच्या खुंटीला अडकणारी जोडणी हलकी आणि साधी. मात्र स्टड लाकडात नुसता स्क्रूने बसवलेला असेल तर तो हळूहळू सैल होतो. आतून नट असलेला स्टड टिकतो. पिकाटिनी किंवा आर्का रेलची (फोरएंडखाली बसवलेल्या ठरावीक मापाच्या पट्टीची) पकड पक्की, आणि पुढे-मागे सरकवता येते. पिकाटिनी रेलवर घट्ट करताना बायपॉड मागे ढकलून आडव्या बोल्टला खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवा, कारण भार दिल्यावर पाय त्याच दिशेला रेटले जातात. कडक फोरएंड असेल तर बायपॉड जितका पुढे, तितका नेम स्थिर.

पायांची उंची लागेल तेवढीच ठेवा. पालथे पडून मारण्यासाठी 6 ते 9 इंच बहुधा पुरते. बायपॉडचे डोके (रायफलला जोडणारा वरचा भाग) कल साधण्याची सोय असलेले घ्यावे, त्यात काटकसर नको. दुर्बिणीत 2 मीटर उंचीची दुरुस्ती चढवलेली असताना रायफल 3 अंश कलली, तर गोळी सुमारे 10 सेंटिमीटर कललेल्या बाजूला जाते. डोके सैलही नको: बसवल्यावर रायफल हाताने फिरवता यावी, पण आपोआप कलू नये.

पुढचा आधार घेऊन मागचा विसरणे ही नेहमीची चूक. दस्त्याखाली छोटी पिशवी ठेवून ती मुठीने दाबली की नेम खाली येतो, सैल सोडली की वर जातो. डोके-मान ताणून उंची साधू नका. खांदा सरळ रायफलच्या मागे ठेवून किंचित पुढे रेलावे, बायपॉडच्या पायांतला खेळ निघेल इतकेच. खूप जोर दिला आणि तोही दर वेळी वेगळा, तर गोळ्या उभ्या रेषेत पसरतात.

स्प्रिंगच्या एअर रायफलला बायपॉड लावू नका. तिचा पिस्टन छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल मागे-पुढे हलवतो, आणि कडक आधारावर ती हालचाल दर वेळी वेगळी होते. तिला तळहातावर सैल ठेवावे. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलला ही अडचण नाही.

शेवटी कागदावर बघा. एकाच दिवशी, एकाच लॉटची काडतुसे, 100 मीटर, 5 गोळ्यांचे 5 ग्रुप पिशवीवरून आणि 5 बायपॉडवरून, आलटून-पालटून, नळी तापू न देता. प्रत्येक ग्रुपचा आकार वेगळा मोजा आणि मध्यबिंदू वेगळा. 100 मीटरवर 1 एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण 29 मिलिमीटर. आकार तोच पण मध्य सरकला असेल, तर बायपॉडवरच झिरो करून तो लावलेलाच ठेवा. आकार वाढला असेल, तर आधी स्टड आणि क्लॅम्प तपासा, मग पायांखालची जमीन, आणि तरीही फरक पडला नाही तर पुन्हा ती कागदाची पट्टी काढा.